काळविटाला हवा मोकळा माळ

हैदराबादेत दिलसुखनगरहून मेट्रोने एल. बी. नगरला उतरायचं आणि पुढे रिक्षा करायची. वनस्थळीपुरमला विजयवाडा महामार्गालगत कुंपण सुरू होतं आणि ट्रकच्या भोंग्यांपलीकडून वाळल्या गवताचा वास येतो. हे महावीर हरिण वनस्थळी, कधीकाळचं निजामाचं शिकारीचं रान. महावीरांच्या २५००व्या निर्वाणवर्षाच्या निमित्ताने १९७५ साली त्याला त्यांचं नाव मिळालं आणि १९९४ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं.

झुडपांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात नर काळवीट उभा असतो. काळपट पाठ, डोळ्याभोवती पांढरं कडं, पीळ घेत वर गेलेली शिंगं. डोळ्याच्या कोपऱ्यातली ग्रंथी गवताच्या काडीला घासून तो आपली हद्द आखतो. त्याची सगळी भिस्त नजरेवर आणि पायांवर असते. लांबचं दिसलं पाहिजे आणि उधळायला जागा पाहिजे. दाट झाडीत त्याची ही दोन्ही शस्त्रं बोथट होतात.

आणि आपल्याला तर झाडीच हवी असते! "काहीच नाही इथे, नुसतं गवत," असं म्हणत माणसं पुढे सरकतात. मग सावली हवी, बाकडी हवीत, पोरांना झोपाळे हवेत. एकेक मागणी रास्तच असते, पण प्रत्येकीची किंमत माळ मोजतो. माणसांनी टाकलेलं प्लास्टिक वेचता येतं. मोडलेला माळ पुन्हा उभा करायला मात्र वर्षं जातात. चहूबाजूंनी शहर वाढलेल्या या रानातल्या कळपाला तर दुसरीकडे जायलाही वाट नाही.

इकडे महाराष्ट्रातही आपण माळाला 'पडीक' ठरवून मोकळे झालो होतो. पण कर्जतजवळचं रेहेकुरी अभयारण्य १९८० साली झालं ते काळविटांसाठीच. अलीकडे पुणे वनविभागाने इंदापुरातल्या कडबनवाडीला आणि बारामतीतल्या शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली. ठरलेली वाट आणि सोबतीला गावातलाच वाटाड्या. माळ राखला तर गावाच्या हाताला काम राहतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

वनस्थळीच्या दारात प्राण्यांच्या चित्रांशेजारी दख्खनच्या पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांची चित्रंही लावावीत. आत पाऊल टाकण्याआधी पाहुण्यांना ती गवतं ओळखायला शिकवणारा, याच भागातला एखादा पोरगा पगारावर ठेवावा. त्याचा पगार तिकिटातूनच निघू दे; तिकीट थोडं महागलं तरी मी आनंदाने देईन.