पायथा पाहणारी

एनएमआरच्या खोलीत, टेबलाच्या खणात ही राहते. पाच मिलिमीटर जाडीची काचेची नळी. पोटात ड्युटेरियमयुक्त अ‍ॅसिटोन आणि त्यात जेमतेम एक टक्का क्लोरोफॉर्म. तोंड आचेवर वितळवून कायमचं बंद केलेलं. पण कोट्यवधींच्या चुंबकाची परीक्षा हीच घेते.

बोलणं मोजकं. क्लोरोफॉर्मच्या रेणूत हायड्रोजन एकच, म्हणून आलेखात हिचं शिखरही एकच. ते किती देखणं आहे याची हिला पर्वा नाही. हिची नजर पायथ्यावर. आणि तिचंच बरोबर आहे. शिखराखालच्या क्षेत्रफळावरून आपण अणू मोजतो. पायथा पसरला की ते क्षेत्रफळ शेजारच्या शिखरात सांडतं, आणि औषधाची शुद्धता 99.5 टक्के की 98, हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

मोजपट्टी ही स्वतःच घेऊन येते. निसर्गातल्या कार्बनपैकी सुमारे 1.1 टक्के कार्बन-13 असतो. त्याच्यामुळे मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना, शंभरेक हर्ट्झवर, दोन बारीक उपशिखरं उभी राहतात. प्रत्येकाची उंची मुख्य शिखराच्या 0.55 टक्के. त्या उंचीवर रुंदी बघायची, मग आणखी खाली, 0.11 टक्क्यांवर. 500 मेगाहर्ट्झच्या यंत्रात अर्ध्या उंचीवरची रुंदी एका हर्ट्झच्या आत हवी, म्हणजे पन्नास कोटींत एक. गवंड्याच्या ओळंब्यासारखी हट्टी आहे ही.

रुसली तरी कारण सांगते. फुगवटा एकाच बाजूला असेल तर सम क्रमाचे शिम, म्हणजे चुंबकक्षेत्र एकसारखं करणारी वेटोळी, बघा. दोन्हीकडे सारखा असेल तर विषम क्रमाचे. नळी गरगर फिरवून दोष झाकायला जा, सेकंदाला वीस गिरक्या दिल्यात तर वीस हर्ट्झवर दोन्हीकडे नवी शिखरं काढून दाखवते.

संवेदनशीलतेचं मात्र हिला विचारू नये. ते खातं एथिलबेन्झीनच्या नळीचं, तापमान मिथेनॉलवालीचं.

हिचा हट्ट घराण्यातलाच. 1951 मध्ये आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकर्ड यांना स्टॅनफर्डमध्ये इथेनॉलची तीन शिखरं सुटी दिसली, क्षेत्रफळं 1:2:3. चुंबकक्षेत्र पुरेसं एकसारखं होतं म्हणून. त्याच धर्मट्टींनी पुढे मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, एनएमआरचं काम उभं केलं.

हिचा प्रत्येक आलेख जपून ठेवावा. आजचा मागच्यांवर ठेवला की शिम कधीपासून सरकू लागले ते दिसतं, आणि कुठल्या तारखेनंतरची मोजमापं पुन्हा करायची तेही.