पोखर्णीच्या शेतांत तीन दिवस

पोखर्णीचा नृसिंह हें आमचें कुलदैवत. परभणीहून गंगाखेड-परळीकडे जाणाऱ्या आगगाडीचें एक लहानसें स्टेशन या देवाच्याच नांवानें ओळखलें जातें. पाटीवर 'पोखर्णी नृसिंह' हीं अक्षरें दिसतांच आमच्या मातुश्रींचे हात आपोआप जोडले जातात. परंतु खरें सांगावयाचें तर, इतक्या वर्षांत आम्ही पोखर्णी पाहिलीच नव्हती. गाडींतून उतरावें, जुन्या दगडी देवळांत जावें, ठेंगण्या दारांतून वांकून गाभाऱ्यांत शिरावें, अभिषेक-नैवेद्य उरकावा आणि उन्हें कलण्याच्या आंत परभणीस परतावें, हा आमचा ठरलेला क्रम. देवळापलीकडे गांवास शेतें आहेत, गुरें आहेत, विहिरी आहेत, हें गाडीच्या खिडकींतून दिसे तेवढेंच आम्हांस ठाऊक.

गेल्या पौषांत हा क्रम मोडला. त्याच्या आदल्या खेपेस आमच्या धाकट्या नातवानें खिडकीबाहेर बोट दाखवून विचारलें होतें, "आजी, हा मका का?" तो जोंधळा होता. ज्या घरांत रोज दोन वेळां भाकरी होते, त्या घरच्या मुलास जोंधळ्याचें ताट ओळखूं येऊं नये, याची आम्हां सर्वांसच लाज वाटली. मातुश्रींनीं तेथल्या तेथें ठरविलें कीं, पुढल्या वेळीं दर्शन घेऊन लगेच परतावयाचें नाहीं. उपाध्यायांच्या ओळखीनें एका शेतकऱ्याच्या शेतवस्तीवर उतरण्याची सोय झाली आणि आम्ही लहानथोर नऊ माणसें तीन दिवस तेथें राहिलों.

पहिली सकाळ केवळ पाहण्यांत गेली. मराठवाड्याची काळी जमीन पावसाळ्यांत पाणी पिऊन ठेवते आणि रब्बीचा जोंधळा बहुतेक त्या सांठवलेल्या ओलीवरच वाढतो, ही गोष्ट पुस्तकांत वाचणें निराळें आणि वर कोरड्या दिसणाऱ्या भेगेंत हात घालून आंतला गारवा पाहणें निराळें. शेताच्या कडेनें करडईचे पट्टे होते. करडई कांटेरी, म्हणून गुरें तिला ओलांडून आंत शिरत नाहींत. म्हणजे तेल देणारें पीक तेंच कुंपणही. हरभऱ्याच्या पानांवरून पहांटे हात फिरवून मुलांनीं बोटें चाटलीं, तीं आंबट लागलीं. आमच्या आजी अशा दंवांत रात्रभर फडकें पसरून ती आंब पोटदुखीवर जपून ठेवीत, याची मातुश्रींस आठवण झाली.

हुरड्याविषयीं थोडें विस्तारानें लिहावयास हवें, कारण शहरांत हुरडा म्हणून जें मिळतें त्याचा आणि याचा संबंध नांवापुरताच. कणसांतला दाणा दुधाळपणा सोडून भरूं लागतो, पण अजून कडक झालेला नसतो, असे दिवस एका शेतांत जेमतेम आठ-दहा. जमिनींत हातभर खळगा करून गोवऱ्या पेटवितात, ही आगटी. ज्वाळा बसून निखारे उरले म्हणजे त्या ऊबदार राखेंत कणसें खुपसावयाचीं आणि काळीं पडण्यापूर्वी काढावयाचीं. मग तीं तळहातावर चोळून, फुंकर घालून, हिरवे दाणे पुढच्याच्या हातावर द्यावयाचे. चोळणारा मनुष्य बहुधा स्वतः शेवटीं खातो. आमच्या थोरल्या मुलानें मोठ्या उत्साहानें हें काम पत्करलें आणि तिसऱ्याच कणसास त्याचे तळवे लाल झाले. यजमानीणबाईंनीं हंसून कणीस त्याच्या हातून काढून घेतलें. सोबत गूळ, शेंगदाण्याची चटणी आणि दही. दुपारच्या जेवणाची कोणास आठवणही झाली नाहीं. संध्याकाळीं हरभऱ्याचे डहाळे भाजून हुळा झाला.

यजमान हुरड्यासाठीं चार-सहा ओळी वेगळ्या पेरतात. गूळभेंडी ही त्यांची आवडती जात. परभणीच्या कृषि विद्यापीठानें, १९७२ सालीं स्थापन झालेल्या, 'परभणी वसंत' नांवाचें खास हुरड्याचेंच वाण काढलें आहे, हेंही त्यांच्याकडूनच कळलें. बाकीच्या शेतांत कापूस आणि सोयाबीन. जोंधळा कां कमी केला, असें विचारतां ते म्हणाले, "पांखरं राखायला माणूस न्हाई, उपटायला माणूस न्हाई. घरच्या भाकरीपुरता आन् कडब्यापुरता ठेवलाय." सन २०२३ हें साऱ्या जगानें भरड धान्यांचें वर्ष म्हणून साजरें केलें, आणि तें हिंदुस्थानच्याच सूचनेवरून, पण त्यानें पांखरें राखावयास माणूस मिळत नाहीं, हें खरें.

पांखरें राखण्याचें काम मग आमच्या मुलांनींच घेतलें. माळ्यावर उभें राहून गोफण फिरविणें दुरून फार सोपें दिसतें. आमच्या नातवाचा पहिला दगड पुढें जाण्याऐवजीं मागें येऊन काकूंच्या तांब्यावर आदळला. यजमानांच्या नऊ वर्षांच्या मुलीनें त्यास शांतपणें सांगितलें कीं, दगड नंतर, आधीं ओरडायला शीक.

दुसऱ्या रात्रीं जें घडलें तें आम्हांस विशेष लक्षांत राहिलें. रात्रीं दोनच्या सुमारास अंगणांत बॅटरीचा उजेड हालला. शेतीच्या पंपास वीज कांहीं दिवस दिवसा आणि कांहीं दिवस रात्रीं अशी पाळीनें मिळते. तो आठवडा रात्रपाळीचा. यजमान घोंगडी पांघरून गव्हाला पाणी देण्यास निघाले होते. आमचा थोरला मुलगा त्यांच्याबरोबर गेला. पहांटे परतला तेव्हां गुडघ्यापर्यंत चिखल आणि दांत वाजत होते. बारे मोडतांना पायाखालीं साप आहे कीं नाहीं हें दिसत नाहीं, म्हणून काठी आपटीत चालावें लागतें, एवढेंच तो बोलला. त्या दिवशीं त्यानें ताटांत भाकरीचा तुकडा टाकला नाहीं.

तिसऱ्या दिवशीं पैशाचा प्रश्न निघाला. तो काढला यजमानांच्या थोरल्या मुलानें. त्याच्या मनांत शेतावर दोन खोल्या बांधून पाहुण्यांची सशुल्क सोय करावयाची आहे. महाराष्ट्र सरकारनें सप्टेंबर २०२० मध्यें कृषि-पर्यटनाचें धोरण मंजूर केलें आहे आणि त्याखालीं लहान शेतकऱ्यासही नोंदणी करतां येते, हें त्यास तोंडपाठ. नेरळची सगुणा बाग, बारामतीकडील केंद्रें, त्यानें सारीं पाहिलेलीं. "तिकडं हुरड्याचे माणशी पैसे मोजून घ्यायलेत, बाबा," तो म्हणाला. वडिलांनीं आगटींतली राख सारखी केली आणि म्हणाले, "हुरड्याचे पैसे घेतल्यावर मग फुकट द्यायचं काय राहिलं?"

आमच्यांतही दोन पक्ष पडले. आमचे एक भाचे इंग्लंडच्या उत्तरेस नोकरीस आहेत आणि कंब्रिया परगण्यांतील एका शेतावर सुट्टींत सहकुटुंब राहून आले होते. त्यांचें पत्र आम्हांस आठवलें. तेथें रात्रीचें भाडें ठरलेलें. मुलांनीं सकाळीं अंडीं गोळा करावीं, वसंतांत कोंकरांस बाटलीनें दूध पाजावें, चुन्यावांचून रचलेल्या दगडी भिंतींच्या कडेनें डोंगर चढावा. त्या मुलखांत बिऑट्रिक्स पॉटर नांवाच्या बालसाहित्य-लेखिकेनें पुस्तकांच्या उत्पन्नांतून शेतेंच विकत घेतलीं आणि १९४३ सालीं वारल्यावर सुमारें चार हजार एकर जमीन नॅशनल ट्रस्ट या संस्थेस ठेविली. पण तेथल्या शेतकऱ्यास पाहुण्यांचें महत्त्व खरें कळलें तें २००१ सालीं. त्या वर्षीं गुरांत लाळ-खुरकताची सांथ आली, साठ लाखांवर जनावरें मारावीं लागलीं, सर्वांत मोठा तडाखा कंब्रियासच बसला. पायवाटा बंद झाल्या, पाहुणे थांबले, आणि गुरांबरोबर खोल्यांचें भाडेंही गेलें. म्हणजे हा आधार आहे, पण शेती बुडाली तरी तरून जाईल असा नव्हे, हें तरुण मुलास आम्ही सांगितलें.

तरीही आमचें मत मुलाच्या बाजूनें झालें. ज्या जिल्ह्यांत एक पाऊस चुकला तर वर्ष चुकतें, तेथें दोन खोल्यांचें भाडें ही लाजेची गोष्ट नव्हे. मातुश्रींस मात्र हें पटलें नाहीं. पैसे देऊन राहिलों असतों तर रात्रीं दोन वाजतां पोरास शेतांत कोणी नेलें असतें का, असा त्यांचा प्रश्न. त्याचें उत्तर आमच्यापैकीं कोणास देतां आलें नाहीं. आम्हीं निघतांना पाकीट पुढें केलें, तें यजमानांनीं घेतलें नाहीं. शेवटीं मातुश्रींनींच तोड काढली: वर्षाचा जोंधळा आम्ही यांच्याकडूनच घेऊं, बाजारभावानें आणि आगाऊ पैसे देऊन. धान्याचे पैसे घेण्यास यजमानांची हरकत नव्हती.

ज्यांस असें जावयाचें असेल त्यांनीं मार्गशीर्ष-पौषांतच जावें. उभ्या पिकांतून चालूं नये, बांधावरून चालावें. आणि यजमान कामांत असतां त्यांस गुरें, विहीर, झाडें दाखवावयास बोलावूं नये. आपण त्यांच्या कामामागें जावें, दिसावयाचें तें आपोआप दिसतें. अंथरूण-पांघरूण आपलें न्यावें, थंडी कडाक्याची असते.

फाल्गुनांत खळें झाल्यावर दोन पोतीं जोंधळा घरीं आला. मोजून पाहिला तर ठरल्यापेक्षां पायलीभर अधिक भरला. दूरध्वनीवर विचारलें तेव्हां यजमान म्हणाले, माप चुकलें असेल. थोरल्या मुलानें एका खोलीचा पाया घातला आहे, असेंही कळलें. वैशाखांत नृसिंहजयंतीस आम्ही दर्शनास जाऊंच. पण तेव्हां शेतें नांगरलेलीं असतात, मुलांना पौषांतच आणा, असा यजमानीणबाईंचा निरोप आहे.