ब्राउझर कुठला बरा?

आमच्या पालीत बहुतेकींना क्रोम म्हणजेच इंटरनेट वाटतं. फोनबरोबर तो आयताच येतो ना! पण फायरफॉक्स त्याच्याही आधीचा, २००४ सालचा. क्रोम आला २००८ मध्ये.

क्रोमचा एक गुण मान्य करायलाच हवा. इंग्रजी पान तो मराठीत करून देतो. मराठी कधी कधी अगदी हसण्यासारखं असतं, पण सासूबाईंना औषधाची माहिती वाचता येते. मुलांच्या हाती मात्र मी फायरफॉक्सच देते. त्यात ‘युब्लॉक ओरिजिन’ ही जोड घातली की बहुतेक जाहिराती दिसेनाशा होतात. धडा शोधताना मध्येच नको ती चित्रं कुणाला हवीत? फोनवरच्या क्रोममध्ये ही जोड घालता येत नाही.

दोघांतही एक सोय आहे आणि ती शिकून घ्याच. शिकवणीच्या एका मुलीनं फॉर्म भरायला दुकानातल्या संगणकावर ई-मेल उघडली, ती तशीच उघडी राहिली. तिची पत्रं भलत्यानंच वाचली. बिचारी दोन दिवस घराबाहेर पडली नाही. अशा वेळी खासगी खिडकी उघडावी. क्रोममध्ये तिला इनकॉग्निटो म्हणतात. अशा सगळ्या खिडक्या बंद केल्या की खातंही बंद होतं आणि काय पाहिलं त्याची यादी मागे उरत नाही. उतरवून घेतलेली फाइल मात्र तिथंच राहते हं, ती आठवणीनं पुसायची. आणि ‘पासवर्ड साठवू का?’ असं परक्या संगणकानं विचारलं, तर सरळ ‘नाही’ म्हणायचं.