जुन्या कोनाची खोड

उत्पादन बंद पडलेला लाउडस्पीकर बाजारात परत आणायचा म्हटलं की आधी जुनं नाव विकत घेतलं जातं. पैसे असले की ते जमतं. जुना कोन, म्हणजे हलून आवाज काढणारा पडदा, मात्र पैशांनी मिळत नाही. जुने स्पीकर दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या मला हे पटवून दिलं ते एलएस ३/५ए या छोट्या स्पीकरने.

बीबीसीच्या अभियंत्यांनी तो सत्तरच्या दशकात घडवला, बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाडीत मावेल असा. उंची जेमतेम ३० सेंटिमीटर. बीबीसीच्या परवान्यावर रॉजर्स, स्पेंडॉर, चार्टवेल, हार्बेथ असे कितीतरी जण तो बनवत. पण आतले ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, सगळ्यांचे एकाच घरचे, केंटमधल्या केफचे. खालच्या सुरांना बी११० आणि वरच्या सुरांना टी२७ हा ट्वीटर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी केफने ते बनवणं थांबवलं आणि परवाना खिशात असूनही सगळ्यांचे हात रिकामे झाले.

मग दुसरे बसवा की, असं गिऱ्हाईक सहज म्हणतं. पण बी११०चा कोन बेक्स्ट्रीन नावाच्या प्लॅस्टिकचा, वरून डिंकासारखा लेप दिलेला. हजार हर्ट्झच्या आसपास तो जरा उसळतो. बीबीसीवाल्यांनी ही खोड मोडली नाही. क्रॉसओव्हरमध्येच, म्हणजे ड्रायव्हरांना सूर वाटून देणाऱ्या सर्किटमध्येच, तिच्या मापाचा उतारा बांधला. पेटीचंही तसंच. जाडजूड लाकूड न घेता पातळ बर्च प्लाय घेतला आणि आतून डांबरी थर चिकटवले, म्हणजे पेटी थरथरली तरी खालच्या सुरात, आणि लगेच गप्प. आता या क्रॉसओव्हरला आजचा सरळ वळणाचा, कागदावर उजवा कोन जोडला, तर नसलेला उंचवटा छाटला जातो आणि आवाजात खड्डा पडतो.

खुद्द केफचा बी११०ही वर्षागणिक मूळ मापापासून सरकत गेला. अखेर १९८७ मध्ये ड्रायव्हर सुधारला, क्रॉसओव्हर नव्याने आखला आणि १५ ओमचा स्पीकर ११ ओमचा झाला.

पुढे स्टर्लिंग ब्रॉडकास्टने वेगळे ड्रायव्हर घेऊन त्यांच्यासाठी वेगळा क्रॉसओव्हर केला. तेही प्रामाणिक काम. पण माझं मन फाल्कन अकूस्टिक्सकडे ओढतं. केफमध्ये असताना ज्यांनी बी११० आणि टी२७ आखले, त्या माल्कम जोन्स यांनीच ही कंपनी काढलेली. तिने दोन्ही ड्रायव्हर मुळाबरहुकूम, खोडीसकट, पुन्हा घडवले आणि १५ ओमचा स्पीकर परत आणला. रॉजर्स हे नाव कुणाकडे आहे, यापेक्षा मला हे मोलाचं वाटतं. (नावाच्या पट्टीला जास्त भाव देणारे संग्राहक यावर माझ्याशी भांडतात. भांडोत.)

हौशी मंडळी माझ्याकडे या स्पीकरची जोडी आणतात ती भारीतले कपॅसिटर बसवून घ्यायला. मी आधी ट्वीटर बघतो, कारण तिथेही मापाला माप जुळवलेलं असतं. प्रत्येक ट्वीटरच्या जोरानुसार कारखान्यात क्रॉसओव्हरचा टॅप (जोडबिंदू) निवडून जोडलेला असतो. कुणी डावी-उजवीकडचे ट्वीटर अदलाबदल केले असतील, तर ते आधी आपापल्या पेटीत परत जातात. कपॅसिटरचं बोलणं त्यानंतर.