बर्डी ते भाऊबीज

नागपूरच्या माणसाला ‘कुठे निघालात?’ असे विचारले आणि त्याने ‘बर्डीवर’ असे उत्तर दिले, की पुढे काही विचारायचे नसते. ‘सीताबर्डी’ हे पूर्ण नाव दुकानांच्या पाट्यांसाठी आणि पोस्टाच्या पाकिटांसाठी. बोलण्यात नुसती बर्डी. लुगडी घ्यायची आहेत, चला बर्डीवर. चष्म्याची काडी मोडली, बर्डीवर. घरात करमत नाही, तरीही बर्डीवरच. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तर मेन रोडवर आपण चालत नाही, गर्दीच आपल्याला चालवते.

एरवी मात्र ही जागा निघण्याची आणि पोचण्याची. इथल्या टेकडीवर १८१७ सालच्या नोव्हेंबरात, २६ आणि २७ तारखेला, आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली. त्या टेकडीवर आज किल्ला उभा आहे आणि पायथ्याशी टेकडीचा गणपती. परीक्षेला निघालेला विद्यार्थी, नवी गाडी घेतलेला गृहस्थ, सगळे आधी त्याच्यापुढे हात जोडतात. १८६७ साली मुंबईकडून आगगाडी नागपुराला आली. आता मेट्रोचे दोन्ही मार्ग सीताबर्डीच्याच स्थानकात एकमेकांना ओलांडतात. आणि जवळच, विधानभवनाच्या बाजूला, तो प्रसिद्ध शून्य मैलाचा दगड आहे. १९०७ साली मोजणीखात्याने रोवलेला. शेजारी एक खांब, भोवती चार उधळलेले घोडे, आणि षटकोनी दगडावर गावोगावची अंतरे कोरलेली : हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल.

नागपूरकर हा दगड पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने दाखवतो. मीही दाखवतो. पण अलीकडे तो दाखवताना मनात एक विचार येतो. दगडावर अंतर आहे, वाटेतले थांबे नाहीत. आणि प्रवास करणाऱ्या माणसाचा जीव नेहमी थांब्यांतच गुंतलेला असतो. आपल्या जुन्या भाषेला हे ठाऊक होते. आपण ‘मजल’ म्हणायचो, ‘टप्पा’ म्हणायचो, ‘मुक्काम’ म्हणायचो. बैल जिथे दमतो आणि जिथे त्याला पाणी व वैरण मिळते, तिथे मजल संपली. वाफेचे इंजिनसुद्धा याला अपवाद नव्हते. ठरावीक अंतरावर थांबून त्यालाही पाणी प्यावेच लागे.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे आमच्या घरी आलेली विजेवरची मोटार. चिरंजीवांनी ती घेतली आणि मेन रोडवर मला भेटणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरून गेला : ‘एका चार्जिंगमध्ये किती जाते हो?’ किंमत नाही, रंग नाही, किती जाते? मुलगी दाखवायला आणावी आणि सर्वांनी फक्त तिची उंचीच विचारावी, तसले हे.

वाचकहो, उत्तर सांगतो. आमच्या गाडीची बॅटरी चाळीस युनिटांची आहे. युनिट म्हणजे आपल्या घरच्या विजेच्या बिलात येते तेच. एका युनिटात ती सहा-साडेसहा किलोमीटर जाते. तेव्हा हिशेब अडीचशे-साठपर्यंत येतो. कंपनीच्या कागदावरचा आकडा याहून पुष्कळ मोठा आहे, कारण तो प्रयोगशाळेत, ठरावीक चालीवर मोजलेला असतो. खऱ्या रस्त्यावर वारा असतो, आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ऐवजी १२० चा वेग धरला, तर वेग दीडपट होतो, पण वाऱ्याचा अडथळा सव्वादोनपट. घाई करणाऱ्याची बॅटरी वाटेतच आटते, ती अशी. पेट्रोलच्या गाडीतही हेच होते. पण पंप पावलोपावली असल्यामुळे आपल्याला त्याचे काही वाटत नाही.

म्हणजे खरा प्रश्न पुन्हा थांब्यांचाच. आमच्या नागपुराने तो फार लवकर अनुभवला. २०१७ सालच्या मे महिन्यात विजेवरच्या टॅक्सींचा मोठा प्रयोग देशात पहिल्यांदा याच शहरात सुरू झाला. गाड्या धावू लागल्या, कौतुक झाले. पण थोड्याच महिन्यांत चालक कुरकुरू लागले. चार्जिंगच्या जागा मोजक्या, रांगा लांबलचक. दिवसातले कमाईचे तास रांगेत उभे राहण्यात जायचे. गाडी आधी आली आणि पाणवठे मागाहून, असे ते झाले होते.

पण नव्या वाहनाच्या वाट्याला हे येतेच. १८८८ सालच्या ऑगस्टची गोष्ट. जर्मनीत कार्ल बेंझ या कारागिराने मोटार बनवली होती, पण तिच्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हते. त्याच्या पत्नीने, बेर्था बेंझने, नवऱ्याला न सांगता दोन मुलांना बरोबर घेतले आणि मानहाइमहून थेट फोर्त्सहाइम गाठले. शंभरावर किलोमीटर! आणि ही बाई निघाली कुठे होती? आईकडे, माहेरी! वाटेत इंधन संपत आले. पेट्रोलपंप हा शब्दच जन्माला आला नव्हता. तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानात तिने डाग काढण्याचे लिग्रॉइन विकत घेतले आणि गाडी पुढे हाकली. जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणून ते औषधाचे दुकान आज मिरवते आहे.

गेल्या भाऊबीजेला आमच्यावरही असाच प्रसंग आला. आईचे वय एक्याऐंशी. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे मामा, छत्रपती संभाजीनगरला. मामांची दृष्टी दिवसेंदिवस कमी होत चाललेली. डॉक्टरांनी सांगितले होते की, पुढच्या वर्षापर्यंत फारसे दिसेलसे नाही. आईने एकच धोशा लावला : ‘या वर्षी त्याला माझा चेहरा दिसतोय, तोवर मला त्याला ओवाळू दे.’ आगगाडीच्या जिन्यांवर तिचे गुडघे चालत नाहीत. तेव्हा मोटारच. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पुरा झाला. त्यातला नागपूर ते शिर्डी हा भाग २०२२ च्या डिसेंबरापासूनच चालू होता. बर्डीहून संभाजीनगर सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर. म्हणजे वाटेत एकदा पोटभर चार्जिंग, की काम झाले.

पहाटे साडेपाचला टेकडीच्या गणपतीला हात जोडून निघालो. वर्धा मागे पडले, कारंजा मागे पडले. दोन्ही बाजूंना तुरीची आणि कपाशीची शेते, मध्ये तो सरळसोट पांढरा रस्ता. आई खिडकीशी बसून गावांची नावे वाचत होती. दोनशे किलोमीटर झाल्यावर ठरल्याप्रमाणे एका पंपावर थांबलो. फोनच्या पडद्यावर त्या जागी हिरवा ठिपका होता. प्रत्यक्षात यंत्र बंद. तिथला पोऱ्या म्हणाला, ‘काल रातीपासून बंद हाय साहेब.’ बॅटरीत साठ किलोमीटरांपुरती वीज, आणि पुढची सोय ऐंशीवर. समृद्धीला दोन्ही अंगांनी कुंपण; मनाला येईल तिथे उतरता येत नाही, आणि त्या भरधाव रस्त्याच्या कडेला म्हाताऱ्या माणसाला घेऊन उभे राहणे हा सरळसरळ जिवाशी खेळ. चिरंजीवांनी वेग साठावर आणला आणि मेहकरच्या अलीकडे, जिथे उतार मिळाला तिथे, आम्ही रस्ता सोडला.

पहिल्याच गावात एका घरी विनंती केली. त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच वायर ओढू दिली, पण गाडीच्या चार्जरवर लाल दिवा. घराला अर्थिंग नव्हते, आणि अर्थिंगशिवाय हे यंत्र वीज घेतच नाही. माणसाच्या सुरक्षेसाठीच ते तसे केलेले असते. ‘गिरणीत पाहा,’ कोणीतरी सांगितले. पिठाची गिरणी भाऊबीजेमुळे बंद. मालक घरून किल्ली घेऊन आला. वेल्डिंगचे यंत्र लावण्यासाठी बसवलेला जाड सॉकेट भिंतीवर होता, अर्थिंगही चोख. हिरवा दिवा लागला.

‘किती वेळ लागते?’ मालकाने विचारले.

‘दीड-दोन तास. तासाला तीन युनिट घेते,’ चिरंजीव म्हणाले.

‘मंग हे म्हशीवानीच हाय. हळूहळू रवंथ करते. आजी, तुमी घरात या. उन्हात कायले बसता?’

घरात त्याची बहीण आली होती. पाटाभोवती रांगोळी घातलेली, निरांजन तयार, आणि भाऊ मात्र आमच्यासाठी गिरणी उघडत फिरत होता. आई दारातच थांबली. ‘आधी त्याला ओवाळ बाई, आमच्यामुळे खोळंबलीस,’ ती म्हणाली. बहिणीने ओवाळले. मग तिने ते तबक आईपुढेच धरले. आईचा हात थरथरत होता. मी तबक खालून धरले. त्या माणसाने आईच्या पाया पडून तबकात अकरा रुपये टाकले. मी विजेचे पैसे काढले, तर तो माझ्याकडे असा बघू लागला, की मी ते मुकाट्याने खिशात ठेवले. विजेचे पैसे द्यायला गेलो आणि उलट अकरा रुपये घेऊन निघालो! संत्रा बर्फीचा एक डबा तेवढा मागे राहिला.

दोन तासांत सहा युनिटे, म्हणजे अडतीस-चाळीस किलोमीटर. पुढचे यंत्र गाठायला ती पुरली. तिथे जलद चार्जिंग होते, ऐंशी टक्के भरायला तासही लागला नाही. ऐंशीच्या पुढे ते मुद्दामच संथ होते, तेव्हा तिथे ताटकळू नये.

आता लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबांना चार गोष्टी सांगतो. बॅटरीत पाव भाग वीज शिल्लक असतानाच थांबा शोधावा. प्रत्येक थांब्याला एक पर्याय हाताशी ठेवावा आणि फोनवरच्या ठिपक्यावर न विसंबता त्या जागी आधी फोन करावा. घरगुती चार्जरची वायर डिकीत असावीच. आणि मुलांबाळांसाठी डबा घ्यावा, कारण थांबणे हा आता प्रवासाचाच भाग आहे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाने राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते पुरे होवो. पण नुसती यंत्रे उभारून भागत नाही. ती सणासुदीलाही चालू ठेवणारे माणूसही लागते. विहीर खणणारा आणि तिचा गाळ काढणारा, दोघे असले तरच पाणवठा.

मामांकडे पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मामा दुपारपासून दारात खुर्ची टाकून बसलेले. आईने निरांजन त्यांच्या तोंडाजवळ नेले, आणि त्यांनी मान पुढे करून, डोळे बारीक करून, बराच वेळ तिच्याकडे पाहिले.

‘किती उशीर गं ताई! सकाळी निघालीस ना?’

‘वाटेत आणखी एक भाऊ होता रे,’ आई म्हणाली, ‘त्याच्याकडे जाऊन आले.’