मुदत संपलेली यादी

वस्तु हरवली असें आपण म्हणतों तेव्हां ती बहुधा जेथें ठेवली तेथेंच असते. हरवलेली असते ती तिच्याकडे जाण्याची वाट. फडताळांतील कोणत्या डब्यांत काय आहे हें आजी न पाहतां सांगते. आजी गेली कीं डबे तेच राहतात, पण ऐन वेळीं ओंवा सांपडत नाहीं. ही गोष्ट इतकी घरगुती आहे कीं तिचा कोणी सिद्धान्त करणार नाहीं. परंतु कचेऱ्यांचा पत्रव्यवहार कागदावरून संगणकांत गेला, तेव्हां आजीची ही विद्याहि एका यंत्राच्या स्वाधीन झाली; आणि यंत्राच्या स्मृतीला मुदत असते.

आमच्या ग्रंथालयांतील एक बाई गेल्या वर्षीं निवृत्त व्हावयाच्या होत्या. नोकरीच्या आरंभींचीं तीन अस्थायी वर्षें पेन्शनसाठीं धरावयाचीं कीं नाहीं, यावर त्यांचें प्रकरण अडलें. तीं धरण्यास मान्यता देणारें पत्र २००९ सालीं ई-मेलनें आलें होतें, हें त्यांना, आणि त्या वेळच्या समितींत असल्यामुळें मलाहि, पक्कें ठाऊक होतें. पण फाइलींत छापील प्रत नव्हती, आणि ज्या सर्व्हरवर तें पत्र उतरलें तो भंगारांत जाऊन कित्येक वर्षें लोटलीं होतीं. सर्व्हरवरील पत्रें ठराविक दिवशीं टेपेवर उतरवून ठेवण्याची चांगली चाल तेव्हां होती. तेवढ्या अकरा टेपा एका लोखंडी कपाटांत राहिल्या होत्या. चौकशी केली तेव्हां उत्तर मिळालें, "त्या टेपा रिकाम्या आहेत."

हें उत्तर देणारा मनुष्य खोटें बोलत नव्हता. यंत्रानें सांगितलें तें तो सांगत होता. टेपेवर प्रत उतरविणारें सॉफ्टवेअर कोणत्या टेपेवर कोणत्या दिवसाचें काय आहे याची यादी आपल्यापाशीं ठेवतें, आणि प्रत्येक प्रतीला मुदत घालतें. आमच्याकडे ती एक वर्षाची होती. मुदत भरली कीं त्या प्रतीची नोंद यादींतून गळते आणि टेप पुन्हां लिहिण्यास मोकळी समजली जाते. मजकूर मात्र पुसला जात नाहीं. वरून दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत तो फितीवर जसाच्या तसा पडून असतो.

माझा एक जुना विद्यार्थी बाणेरच्या बाजूस याच धंद्यांत आहे. या कामाला पुण्यांत माणूस मिळावा यांत नवल नाहीं. 'नेटबॅकअप' नांवाचें या जातीचें प्रसिद्ध सॉफ्टवेअर बनविणाऱ्या वेरिटास कंपनीनें आपलें एक मोठें केंद्र पुण्यांतच थाटलें होतें. २०२४ च्या डिसेंबरांत तो धंदा कोहेसिटी कंपनीकडे गेला. विद्यार्थ्यानें कपाट उघडल्यावर प्रथम प्रत्येक टेपेच्या कडेची इवलीशी खिट्टी सरकवली. ती सरकविली म्हणजे त्या टेपेवर कोणालाहि नवें लिहितां येत नाहीं. "सर, आधीं दार लावून घेतलें," तो म्हणाला.

त्या टेपा एलटीओ-३ जातीच्या होत्या. तळहाताएवढ्या एका डबींत ४०० गिगाबाइट मजकूर मावतो. पांचव्या पिढीच्या ड्राइव्हला तिसऱ्या पिढीची टेप वाचतां येते, सहाव्या पिढीच्या ड्राइव्हला येत नाहीं; म्हणजे नातवाला आजोबांचें अक्षर लागतें, पणतूला लागत नाहीं. असा एक नातू त्यानें खटपटीनें मिळविला. मग यादी पुन्हां करण्याचें काम सुरू झालें. त्याला जवळचा रस्ता नाहीं. पहिल्या फेरींत टेप वाचून तिच्यावर कोणत्या तारखांच्या प्रती आहेत तें पाहावयाचें. दुसऱ्या फेरींत प्रत्येक प्रतींतील फायलींचीं नांवें यादींत चढवावयाचीं. सारें सुरळीत असलें तरी पूर्ण भरलेली एक टेप वाचण्यास जवळजवळ दीड तास लागतो. आणि जुन्या टेपा सुरळीत नसतात. चार शनिवार गेले.

टेप हें जुनाट साधन म्हणून हंसणारे पुष्कळ भेटतात. फेब्रुवारी २०११ मध्यें गूगलच्या जीमेलमधील सुमारें ०.०२ टक्के लोकांच्या पेट्या सॉफ्टवेअरच्या एका दोषानें रिकाम्या दिसूं लागल्या. ठिकठिकाणच्या संगणकांवर ठेवलेल्या प्रतींनाहि तो दोष भोंवला, आणि शेवटीं पत्रें परत आणावीं लागलीं तीं टेपेवरून. कपाटांत स्वस्थ पडून राहण्याचा हा एक फायदा असतो.

त्या शनिवारीं मला राहून राहून पुण्यांतील पेशवे दफ्तर आठवत होतें. १८१८ मध्यें पेशवाई गेली, पण तिचे कागद राहिले. इंग्रज सरकारनें ते जपले ते मुख्यतः जमिनी, इनामें, वतनें यांच्या हक्कांचा निवाडा करण्यासाठीं. एखाद्या लढाईची बातमी कोणत्या रुमालांत आहे, हा प्रश्न महसुलाच्या कामाचा नव्हे. तेव्हां इतिहासासाठीं तेथें गेलेल्या गोविंद सखाराम सरदेसाई व त्यांच्या साहाय्यकांना रुमालामागून रुमाल सोडून मोडी कागद चाळीत जाणें प्राप्त झालें. १९३० ते १९३४ या काळांत निघालेले निवडक कागदांचे ४५ खंड हें त्या श्रमांचें फळ होय. कोणतीहि यादी तिच्या करणाराला पडलेल्या प्रश्नांपुरतीच असते. त्याला न सुचलेला प्रश्न घेऊन पुढचा मनुष्य आला म्हणजे त्याला पहिल्यापासून सर्व वाचावें लागतें.

नवव्या टेपेवर २००९ साल सांपडलें. यादी पडद्यावर उतरूं लागली तेव्हां तींत आम्हां सर्वांच्याच पत्रपेट्या आल्या. त्यांत एक नांव आमच्या एका दिवंगत सहकाऱ्याचें होतें. अखेरच्या वर्षांत त्यांचें माझ्याशीं बोलणें नव्हतें, आणि तें कां, हें मला कधींच कळलें नाहीं. कदाचित् त्या पेटींत उत्तर असेल. विद्यार्थ्याला यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. त्यानें सहज विचारलें, "सर, हीहि परत आणूं?" मी थोडा वेळ त्या नांवाकडे पाहत राहिलों, आणि "नको" म्हणालों.

मुदतीचा हा दुसरा गुण त्या दिवशीं माझ्या ध्यानांत आला. जी मुदत बाईंच्या तीन वर्षांवर उठली होती, तीच दुसऱ्याच्या खासगी पत्रांवरचा पडदा धरून उभी होती. सगळें कांहीं जपून ठेवावें असा आग्रह धरणारानें आधीं आपली स्वतःची पत्रपेटी आठवून पाहावी.

आस्थापना विभागाची पेटी तेवढी परत आणली. तीसाठीं त्या जुन्या जातीचा एक सर्व्हर तात्पुरता उभारावा लागला. पत्र मिळालें, छापलें गेलें, फाइलींत लागलें, आणि तीन वर्षें धरलीं गेलीं. बाई एवढेंच म्हणाल्या, "सर, ग्रंथालयांत पुस्तक एक वेळ हरवलेलें चालतें, कार्ड हरवलेलें चालत नाहीं."

पुन्हां केलेल्या यादीलाहि सॉफ्टवेअर आपण होऊन मूळचीच मुदत त्या दिवसापासून नव्यानें लावतें. "किती ठेवूं?" असें विद्यार्थ्यानें विचारलें, तेव्हां आम्ही असें ठरविलें कीं सेवेसंबंधींचीं पत्रें छापून ज्याच्या त्याच्या फाइलींत लावावीं, आणि बाकीच्याला होती ती एक वर्षाची मुदत राहूं द्यावी. बाईंनीं मात्र एक कागद घेतला, कोणत्या टेपेवर कोणतें साल आहे आणि ती वाचण्यास कोणता ड्राइव्ह लागतो, हें त्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिलें, व तो कपाटाच्या दाराला आंतून चिकटविला. त्या कागदाची मुदत संपविण्याची सोय अद्याप कोणत्याहि सॉफ्टवेअरमध्यें झालेली नाहीं.