मशिदीमागची विहीर

सूरह मुल्क पढून झोपायची सवय मला अम्मीने लावली. तिचा अर्थ कळू लागला तो मात्र फार उशिरा, लग्न होऊन मी खाडीकाठच्या या गावात आले आणि मराठी तर्जुमा हाती लागला तेव्हा. शेवटच्या आयतीत एक प्रश्न आहे, तुमचं पाणी जमिनीत खोल उतरून गेलं तर वाहतं पाणी तुम्हाला कोण आणून देणार, अशा अर्थाचा. आमच्या कोकणात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. हा प्रश्न वाळवंटातल्या लोकांना आहे, आपल्याला नाही, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

आमच्या मोहल्ल्याला एकच विहीर. मशिदीच्या मागे, जांभ्या चिऱ्यांत बांधलेली. मी सून म्हणून आले तेव्हा फजरनंतर तिथे बायकांची रांग लागायची. मे महिन्यात पाणी तळाला जायचं. मग रात्रभरात जेवढं झिरपेल तेवढं पहाटे वाटून घ्यायचं, घरटी दोन कळश्या. जुलैत ज्या पाण्याने पाखाडीवर पाय ठरत नसे, त्याच पाण्यासाठी मेमध्ये रांग. जांभा दगडच तसा. भोकाभोकांचा. पडलेला पाऊस पिऊन टाकतो आणि उतारावरून खाडीला देऊन मोकळा होतो.

2011 साली कुवैतच्या पैशातून आम्ही बोअर मारली. मोहल्ल्यातली पहिली. पाणी लागलं त्या दिवशी मी शिरखुर्मा करून घरोघरी पाठवला होता. आमचं परसू विहिरीपासून साठ पावलांवर. पुढच्या वर्षी विहिरीचं पाणी एप्रिलमध्येच तळाला गेलं. आमच्या बोअरमुळेच गेलं का, हे आजही मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तेव्हा मात्र मी छातीठोकपणे सांगत होते, की यंदा पाऊसच लवकर आटोपला, बोअरचा काही संबंध नाही.

शेजारच्या खाला काही बोलल्या नाहीत. त्यांच्या घरात आखातात जाणारं कोणी नव्हतं, त्यामुळे त्यांची विहीर सुटली नव्हती. डोक्यावर हंडा घेऊन त्या आमच्या दारावरून जायच्या, सलाम करायच्या. एकदा मी म्हटलं, "खाला, आमच्या नळावर भरत जा ना." त्या म्हणाल्या, "भरीन की, बेटा." आणि कधी आल्या नाहीत.

पाहता पाहता मोहल्ल्यात अकरा बोअर झाल्या. विहिरीत पाचोळा साठला, बाटल्या पडल्या, रहाट गंजला. विहिरीवर जाणं म्हणजे गरिबी, असा एक समज आमच्या घराघरात बसला होता. तो पहिल्यांदा मीच बसवला, हे लिहायला आता लाज वाटते.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. ईद होऊन नऊ दिवस झाले होते. श्रीवर्धनच्या बाजूने ते जमिनीवर चढलं आणि रायगडपासून मंडणगड-दापोलीपर्यंत सुपारीच्या बागा काडेपेट्या सांडाव्यात तशा आडव्या झाल्या. आमच्या घराची अर्धी कौलं गेली. माणसं सलामत राहिली, अल्हम्दुलिल्लाह. पण विजेचे खांब मोडून पडले आणि मोहल्ल्यात बावीस दिवस वीज आली नाही. अकराच्या अकरा बोअर मुक्या झाल्या. टाकीतलं पाणी दोन दिवस पुरलं.

तिसऱ्या दिवशी मी कळशी घेऊन विहिरीवर गेले. नऊ वर्षांनी. माझ्याकडे दोर नव्हता, पोहरा नव्हता. खाला तिथेच होत्या. त्यांनी आपला पोहरा माझ्या हातात दिला. टोमणा नाही, काही नाही. फक्त म्हणाल्या, "सावकाश ओढ, हात सोलतील." हात सोललेच.

त्या वर्षी टाळेबंदीमुळे मुंबईहून आणि आखातातून आलेली मुलं गावातच अडकली होती. आधी त्यांनी रस्त्यावरची झाडं तोडली, मग कौलं चढवली, मग विहिरीवर झाकण म्हणून जाळी टाकली. आमच्या गटाची सुरुवात म्हणायची तर एवढीच. त्याला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. एक वही आहे, ती माझ्याकडे असते. पुढच्या मे महिन्यात, पाणी सर्वांत खाली असताना, याच पोरांनी विहिरीत उतरून गाळ काढला. वीस-पंचवीस घमेली निघेल म्हटलं होतं, निघाला दोन ट्रॉल्या. त्यात माझी हरवलेली पितळी कळशीही होती.

जुलैत चिपळूणला पूर आला. 22 तारखेला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत घुसलं. त्याच दिवशी महाडजवळच्या तळिये गावावर डोंगर कोसळला. आमची मुलं टेम्पोत पिण्याचं पाणी आणि चादरी घालून चिपळूणला गेली. परत आल्यावर त्यांतला एक म्हणाला, "चाची, तिथे छपरापर्यंत पाणी होतं आणि प्यायला घोट नव्हता." मला तेव्हा कळलं, की कमी पाणी आणि जास्त पाणी ही दोन दुखणी नाहीत. आपल्याला पाणी थांबवता येत नाही, हे एकच दुखणं आहे.

मग वनराई बंधाऱ्याची गोष्ट निघाली. सिमेंटच्या रिकाम्या गोणी भरून ओढ्यात रचायच्या, एवढंच ते काम, आणि सगळ्या महाराष्ट्रात होतं. आमच्याकडे कुणबीवाडीच्या खालून वहाळ येतो आणि मशिदीच्या बाजूने खाडीला मिळतो. 2022 च्या जानेवारीत आम्ही त्यात अडीचशे गोणी रचल्या. मोठ्या उत्साहाने फोटो काढले. आठ दिवसांत बंधाऱ्यामागे गुडघाभर डबकं उरलं, पुढच्या आठ दिवसांत तेही गेलं. फोटो मात्र कुवैतपर्यंत पोचले होते.

वरच्या वाडीतले एक आजोबा ते डबकं बघायला आले. म्हणाले, "भाभी, वाळू पाणी गाळते, अडवत नाही. आणि जानेवारीत कोण बांध घालतो? वहाळ झोपला की मग काय अडवणार?" त्यांच्या तरुणपणी वायंगण भातासाठी दरवर्षी इथेच दगडमातीचा बांध पडायचा. भातकापणी झाली की लगेच, वहाळ खळखळत असताना. त्या बांधाला मोहल्ल्याची माणसंही जायची. वायंगण बंद झालं तसा बांधही बंद झाला आणि वाडीचं-मोहल्ल्याचं एकत्र काम असं काही उरलं नाही. निवडणुकीपुरते तेवढे आम्ही एकमेकांना दिसायचो.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आजोबांनी सांगितलं तसं केलं. गोणीत वाळूऐवजी माती-मुरूम. गोणी तीन चतुर्थांश भरायची, म्हणजे ती बसते. ठासून भरली की गोल होते आणि फटी राहतात. विटांसारखे सांधे चुकवत रचायचं, तळ रुंद, वर निमुळतं. पाण्याच्या अंगाला पेंढा आणि शेतातली चिकणमाती थापायची. जादा पाणी मधूनच वरून जायला वाट ठेवायची, नाहीतर ते कडेची माती कापतं. वाडीची तीस माणसं आली, मोहल्ल्याची चाळीस. बायका जास्त. दुपारी आमच्याकडून सांदण आणि वाडीकडून भाकरी-चटणी. पाणी मार्चच्या अखेरपर्यंत टिकलं आणि विहीर मे महिन्यात पहिल्यांदाच तळाला गेली नाही. कमरेएवढं पाणी राहिलं.

मशिदीतलं काम त्याहून अवघड निघालं. गोणी रचायला कोणी आडवं येत नाही. नळाला हात लावला की येतं. आमच्या मशिदीत पूर्वी हौद होता, नंतर ओळीने नळ बसले. माझ्या नातवाने, तो तेव्हा सातवीत होता, एका जुहरला नळाखाली बादली ठेवून दहा जणांच्या वजूचं पाणी मोजलं. माणशी सरासरी सहा लिटर भरलं. दिवसाला सत्तर वजू धरले तर चारशेवीस लिटर, जुम्म्याचं वेगळं. आणि हे सारं पाणी गटारात. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम एका मुद पाण्यात वजू करत असत, ही रिवायत सगळ्यांना तोंडपाठ. मुद म्हणजे भरल्या दोन ओंजळी, लिटरही नाही.

जमातीच्या बैठकीत बायका बसत नाहीत. पाणी आम्ही आणायचं आणि पाण्याचा निर्णय पडद्यापलीकडे व्हायचा, हा आमच्याकडचा जुना दस्तूर. मी नातवाच्या हातून वही पाठवली. एका बुजुर्गांनी विचारलं म्हणे, की आता पोरं आम्हाला वजू शिकवणार का? मुतवल्ली साहेबांनी वही मौलाना साहेबांकडे सरकवली. मौलाना साहेबांनी पुढच्या जुम्म्याला बयान पाण्यावर केलं. हजरत साद बिन उबादा यांनी आईच्या नावाने विहीर खोदली, हजरत उस्मान यांनी रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांना खुली केली. वही त्यांनी कुठेही काढली नाही. पण त्याच महिन्यात नळांच्या तोट्या बदलल्या, बारीक धारेच्या बसवल्या. वजूचं पाणी वेगळ्या पाइपने मशिदीच्या माडांना आणि केळींना सोडलं. वापरलेल्या पाण्याने पुन्हा वजू होत नाही, पण झाडाला ते चालतं. आता त्या केळीचा घड रमजानात इफ्तारला येतो आणि तक्रार करणारे बुजुर्गच घड मोजतात.

माझ्या बोअरचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. 2024 च्या उन्हाळ्यात तिला मचूळ पाणी येऊ लागलं. चहा फाटायचा. खाडीकाठी गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर साईसारखं तरंगत असतं. वरची साय आपण ओरपत गेलो की खालचं खारं वर चढतं. अकरा पंप आम्ही तेरा वर्षं ओरपत होतो. आता आमच्या छपराचं पाणी पन्हळीतून, वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून बोअरमध्ये सोडलंय. पहिले दोन-तीन पाऊस बाहेर जाऊ द्यायचे, छप्पर धुऊन निघालं की मग आत घ्यायचं. हजार चौरस फुटांच्या छपरावर आमच्याकडे वर्षाला पावणेतीन लाख लिटर पाऊस पडतो, हा हिशोबही नातवाचाच. मार्च ते जून मी पंप लावत नाही. अकरांपैकी चौघांनी असं केलंय. बाकीच्यांना मी काही म्हणत नाही. मला कोण म्हणालं असतं तर मी ऐकलं असतं का?

सगळं सुरळीत चाललंय असं नाही. 2025 साली मे महिन्याच्या अखेरीसच पावसाळा कोकणात उतरला, त्याआधीही आठवडाभर पाऊस कोसळत होता. आमच्या वहीत गोणी काढायची तारीख होती 30 मे. त्याआधीच वहाळाने बांध उचलून नेला. फाटक्या गोणी खाडीत गेल्या, जाळ्यांत अडकल्या, आणि खाडीत मासेमारी करणारे आमच्या दारात येऊन बोलले. त्यांचं बरोबर होतं. आता वरच्या दोन थरांत गोणी घालत नाही, दगडमातीच घालतो, आणि काढायची तारीख 10 मे केली आहे. म्हणजे उन्हाळ्याचे वीस दिवस गेले. आजोबांच्या मते गोणीच नकोत. पण त्यांच्या पद्धतीने बांध घालायला जेवढी माणसं लागतात तेवढी आता नोव्हेंबरात गावात नसतात. मुलं पुन्हा मुंबईला आणि आखातात गेली. यंदा चाळीसच्या जागी अठरा जण होते, त्यात सहा साठीच्या पुढचे.

खाला आता हंडा उचलत नाहीत. पायरीवर बसून कुणी किती भरलं ते बघतात. मागच्या महिन्यात तिथे आम्ही दोघीच होतो, तेव्हा मी विचारून टाकलं, "खाला, माझ्या बोअरने तुमचं पाणी गेलं का हो तेव्हा?"

त्यांनी विहिरीत डोकावून पाहिलं. म्हणाल्या, "गेलं असेल." मग पोहऱ्याचा दोर हाताने चाचपला. "हा विरत आलाय. बाजारात गेलीस तर वीस हात घेऊन ये."

मी पंचवीस हात आणला.